जीव वाचवणारे औषध आणि फुगणाऱ्या हिरड्या

आरशासमोर उभे राहा, वरचा ओठ बोटाने उचला आणि आपल्या हिरड्या नीट पाहा. दोन दातांच्या मधल्या फटीत हिरडीचे एक लहानसे त्रिकोणी टोक शिरलेले दिसेल. निरोगी हिरडी दाताच्या मानेला घट्ट चिकटलेली असते. तिची कड पातळ असते, रंग फिकट गुलाबी असतो, आणि ब्रश लागला तरी तिच्यातून रक्त येत नाही. काही जणांच्या हिरड्यांवर तपकिरी, काळसर छटा असते, तीही नैसर्गिकच.

आता अशी कल्पना करा, की ही मधली त्रिकोणी टोके हळूहळू फुगू लागली. दोन-तीन महिन्यांत ती मण्यांसारखी गोल झाली. मग शेजारशेजारचे मणी एकमेकांना भिडले आणि दाताच्या पांढऱ्या भागावर चढू लागले. काही महिन्यांनी समोरचे दात निम्मेअधिक झाकून गेले. घास चावताना हिरडी दाताखाली येते, ब्रश केला की रक्त येते, बोलताना शब्द अडखळतात आणि हसताना हात आपोआप तोंडावर जातो.

मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या काही रुग्णांच्या, विशेषतः मुलामुलींच्या तोंडात नेमके असेच घडते. तुम्ही म्हणाल, मूत्रपिंड कुठे आणि हिरडी कुठे! पोटात बसवलेल्या अवयवाचा दातांशी काय संबंध? हा संबंध जोडणारा दुवा म्हणजे एक औषध. त्याचे नाव सायक्लोस्पोरिन. त्याची गोष्ट समजून घ्यायची, तर आधी आपल्या शरीरातील पहारेकऱ्यांची ओळख करून घ्यायला हवी.

शरीरातील पहारेकरी

आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीरात परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, की रक्तात घाण साचते. अशा रुग्णाला दुसऱ्याचे निरोगी मूत्रपिंड बसवता आले तर? रक्तवाहिन्या जोडण्याचे कसब शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मिळवले होते. तरीही परक्याचे मूत्रपिंड टिकत नसे. काही दिवसांतच ते सुजे आणि बंद पडे.

याचे कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी त्वचेच्या रोपणांचा अभ्यास करून दाखवून दिले. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील टी-पेशी नावाच्या पेशी पहारेकऱ्यासारख्या अंगभर फिरतात आणि भेटेल त्या पेशीची ओळख तपासतात. घरचा असेल त्याला सोडून द्यायचे आणि परका दिसला की हल्ला करायचा, हे त्यांचे काम. रोगजंतूंपासून आपण वाचतो ते यांच्यामुळेच. पण बिचाऱ्या पहारेकऱ्याला काय ठाऊक, की हे परके मूत्रपिंड आपल्या मालकाचा जीव वाचवायला आले आहे! तो त्यालाही शत्रूच समजतो. या संशोधनाबद्दल मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले. त्यात देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या पेशींची ओळख अगदी सारखीच असल्यामुळे पहारेकऱ्यांना संशय आला नाही. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? बाकीच्यांसाठी पहारेकऱ्यांनाच आवरणारे औषध हवे होते.

१९६० नंतर ॲझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड ही औषधे वापरात आली. आपल्याकडे १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंडाचे रोपण झाले; रुग्ण मात्र फार दिवस जगला नाही. पुढे १९७१ मध्ये वेल्लोर येथे यशस्वी रोपण झाले. तरीही त्या काळातील औषधे अपुरी पडत. बेताने दिली तर मूत्रपिंड टिकत नसे आणि जास्त दिली तर साध्या जंतूंशी लढण्याचीही ताकद शरीरात उरत नसे.

नॉर्वेच्या मातीतील बुरशी

पेनिसिलिन बुरशीपासून मिळाले हे तुम्हांला माहीत आहेच. तेव्हापासून औषधांचे कारखाने जगभरची माती गोळा करून तिच्यातील बुरशी तपासू लागले. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातील सँडोझ या कंपनीत तर अशी पद्धतच होती, की सुट्टीवर किंवा कामानिमित्त परगावी जाणाऱ्याने तिथली माती सोबत आणायची. १९६९ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविड्डा या उजाड, थंड पठारावरून एका कर्मचाऱ्याने अशीच पिशवीभर माती आणली. तिच्यात एक बुरशी सापडली. तिचे नाव टॉलिपोक्लॅडियम इन्फ्लॅटम. ही बुरशी भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढते, हे बऱ्याच वर्षांनी, १९९० नंतर कळले.

या बुरशीतून निघालेला पदार्थ दुसऱ्या बुरशींना मारतो का, हे प्रथम तपासले गेले. त्या कामी तो फारसा उपयोगी नव्हता. पण तेथील शास्त्रज्ञांनी त्याला टाकून न देता इतर चाचण्याही केल्या. जानेवारी १९७२ मध्ये हार्टमान श्टेहेलिन आणि जाँ-फ्रांस्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळांत आढळले, की हा पदार्थ प्रतिकारयंत्रणेला आवरतो आणि तरीही इतर पेशींना मारत नाही. हेच सायक्लोस्पोरिन. अकरा अमिनो आम्लांची साखळी आणि तिची दोन टोके जोडून झालेले कडे, अशी त्याच्या रेणूची रचना आहे.

१९७८ मध्ये केंब्रिज येथे रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिले. १९८३ साली युरोपातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या औषधांवर १०० पैकी ५२ रोपित मूत्रपिंडे वर्षभर टिकली होती, तर सायक्लोस्पोरिनवर ७२! त्याच वर्षी अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली.

ते काम कसे करते? परका दिसला, की टी-पेशीच्या आत कॅल्सिन्यूरिन नावाचे प्रथिन जागे होते. ते एक निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवते. केंद्रकातून हुकूम सुटतो आणि इंटरल्यूकिन-२ हे रसायन तयार होते. हे रसायन म्हणजे जणू दवंडीच. ती ऐकून टी-पेशींची संख्या भराभर वाढते आणि सारी फौज चालून येते. सायक्लोस्पोरिन पेशीतील दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी करते आणि ही जोडी कॅल्सिन्यूरिनवर जाऊन बसते. पहारेकरी जिवंत राहतो, शत्रूला पाहतोही. पण दवंडी पिटणाऱ्याचा ढोलच कोणीतरी बांधून ठेवलेला असतो!

हिरड्याच का वाढतात?

औषध एका कामासाठी घेतले, तरी ते रक्तातून सगळ्या अंगात जाते. सायक्लोस्पोरिनमुळे रक्तदाब वाढू शकतो, अंगावर लव वाढते, खुद्द मूत्रपिंडावरही ताण येऊ शकतो. आणि १९८३ मध्येच दंतवैद्यांनी नोंद केली, की यामुळे हिरड्याही वाढतात.

दंतवैद्यांना हा प्रकार अगदी नवा नव्हता. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, रुग्णांना १९३८ पासून फेनिटॉइन हे औषध दिले जाऊ लागले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हिरड्या वाढल्याचे वृत्त आले होते. रक्तदाबावरच्या निफेडिपीन या औषधानेही असेच होते. फेफरे, रक्तदाब आणि रोपण, तीन अगदी वेगळे आजार आणि तीन वेगळी औषधे. पण हिरडीवरचा परिणाम एकच.

हिरडीच्या आत तंतुजनक पेशी असतात. त्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणतात. हिरडीला घट्टपणा येतो तो या तंतूंमुळे. पण या पेशींचे काम एवढ्यावरच संपत नाही. जुने झालेले तंतू तोडून गिळून टाकणे हेही त्यांचेच काम. गणितातला हौद आठवतो ना? एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दोन्ही नळ सारख्या वेगाने चालू असतील, तर पाण्याची पातळी बदलत नाही. हिरडीचे तसेच आहे. सायक्लोस्पोरिनमुळे जुने तंतू गिळण्याचे काम मंदावते, म्हणजे हौद रिकामा करणारा नळ अर्धवट बंद होतो. शिवाय तंतू विणायला उत्तेजन देणारी काही रसायनेही वाढतात. मग हिरडीत तंतू साचत जातात आणि ती जाड होते.

पण असे असेल, तर ज्यांना हे औषध दिले त्या सगळ्यांच्या हिरड्या का वाढत नाहीत? मोठ्या माणसांत साधारणपणे चौघांपैकी एकाला हा त्रास जाणवण्याइतका होतो. वाढीच्या वयातील मुलांत मात्र हे प्रमाण बरेच जास्त असते. यात आनुवंशिकतेचा भाग आहे, औषधाच्या मात्रेचा आहे, आणि सोबत निफेडिपीनसारखे दुसरे औषध चालू असेल तर त्याचाही आहे.

आणखी एक महत्त्वाचा भागीदार आहे. तो म्हणजे दातांवर बसणारा जिवाणूंचा चिकट थर. हा थर साफ केला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साचून त्याचे टणक कीटण बनते. जिवाणूंमुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीवर औषधाचा परिणाम अधिक होतो. याचा एक बोलका पुरावा असा, की जिथे दातच नाहीत, तिथे हिरडी सहसा वाढत नाही.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते. हिरडी वाढली की तिच्याखाली खोबणी तयार होतात. त्यांत ब्रश पोचत नाही. जिवाणू वाढतात. सूज येते. हिरडी आणखी वाढते. आणि ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम कमी ठेवली आहे, त्याच्या तोंडात जंतूंचे घर असणे धोक्याचेच.

औषध बंद करायचे का?

“मग औषधच थांबवावे,” असे कोणालाही वाटेल. पण हाच सगळ्यांत मोठा धोका आहे. औषध थांबताच ढोल सुटतो, दवंडी पिटली जाते आणि पहारेकरी मूत्रपिंडावर तुटून पडतात. गेलेले मूत्रपिंड परत मिळत नाही. मूत्रपिंड देणारी बहुधा आई असते, वडील असतात, किंवा कोणा अनोळखी कुटुंबाने आपल्या दुःखाच्या क्षणी केलेले ते दान असते.

शाळकरी वयातील रुग्णांबद्दल डॉक्टरांना नेमकी हीच काळजी वाटते. हिरड्या सुजलेल्या, चेहऱ्यावर लव वाढलेली. वर्गातली मुले चिडवतात. मग एखादा मुलगा किंवा मुलगी कोणाला न सांगता गोळ्या टाळू लागते. सुरुवातीला काहीच बिघडत नाही. हिरड्या जरा बऱ्या वाटतात. पोटाच्या आत काय चालले आहे हे कळते, तोवर उशीर झालेला असतो. औषध बदलायचे की त्याची मात्रा कमी करायची, हा निर्णय रोपणाच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करूनच घ्यायचा असतो. दंतवैद्यानेसुद्धा तो परस्पर घ्यायचा नसतो.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी स्वच्छतेची. दंतवैद्य दातांवरचे आणि हिरडीखालचे कीटण खरवडून काढतो. रुग्णाने मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासायचे, दातांच्या फटी दोऱ्याने किंवा खास बारीक ब्रशने साफ करायच्या आणि सांगितले असेल तितके दिवस क्लोरहेक्झिडिनच्या द्रावणाने चुळा भरायच्या. एवढ्याने सूज आणि रक्त येणे निश्चित कमी होते. नुसत्या स्वच्छतेने वाढ पूर्णपणे टळतेच असे नाही, कारण औषधाचा परिणाम चालूच असतो. पण ती आटोक्यात राहते आणि पुढचा प्रत्येक उपचार या पायावरच उभा राहतो. शक्य असेल तर रोपणाच्या आधीच दात तपासून, किडलेले दात भरून घेतात.

दुसरी पायरी औषध बदलण्याची. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस हे औषध मिळाले. तेही कॅल्सिन्यूरिनलाच अडवते, पण दुसऱ्या प्रथिनाशी जोडी करून. त्याच्यामुळे हिरड्या वाढण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. सायक्लोस्पोरिनऐवजी ते दिले, तर अनेक रुग्णांच्या हिरड्या काही महिन्यांत ओसरतात. आता नव्या रोपणांनंतर बहुधा टॅक्रोलिमसच देतात. पण त्याचेही स्वतःचे दोष आहेत: हात कापणे, रक्तातील साखर वाढणे वगैरे. म्हणून हा बदल सर्वांनाच मानवतो असे नाही. निफेडिपीन चालू असेल, तर रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातील औषध देऊनही फायदा होतो.

तिसरी पायरी योगायोगाने सापडली. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या काही रुग्णांना जंतुसंसर्गासाठी ॲझिथ्रोमायसिन दिले असता त्यांच्या हिरड्याही कमी झाल्या, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या चाचण्यांतही थोड्याच दिवसांच्या औषधाने अनेकांना आराम पडला. हे औषध जंतूंना तर मारतेच. शिवाय तंतुजनक पेशींची जुने तंतू गिळण्याची क्षमता त्यामुळे परत वाढत असावी, असे प्रयोगांवरून दिसते. म्हणजे हौदाचा दुसरा नळ पुन्हा मोकळा होतो! पण सावधान. याच कुळातील एरिथ्रोमायसिन हे औषध यकृतात सायक्लोस्पोरिनचे विघटन होऊ देत नाही आणि त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीवर नेते. ग्रेपफ्रूट या फळाचा रसही तसाच अपाय करतो. आयब्युप्रोफेनसारखी दुखणे थांबवणारी गोळी अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. म्हणून अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून कोणतीही गोळी आणून घेऊ नये.

सुरी आणि लेसर

एवढे करूनही जुनी, टणक झालेली वाढ उरली, तर ती कापून काढावी लागते. रोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे काम शक्यतो टाळतात, कारण तेव्हा प्रतिकार रोखणारी औषधे सर्वांत जास्त प्रमाणात दिली जात असतात. रक्तदाब, रक्तातील पेशी, रक्त गोठण्याची क्षमता हे सारे आधी तपासले जाते. प्रतिजैविक द्यायचे की नाही, हे रोपणाचे डॉक्टर आणि दंतवैद्य मिळून ठरवतात.

इंजेक्शनने हिरडी बधिर केली जाते. मग दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडीखालच्या खोबणीत घालून तिची खोली मोजतो आणि बाहेरून तेवढ्याच उंचीवर ठिपके करतो. ते जोडत जाणारा काप सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या कोनात घेतला जातो. तिरका का? सरळ काप घेतला, तर हिरडीला जाड पायरीसारखी कड उरेल आणि तिच्यावर अन्न साचेल. तिरक्या कापाने कड पुन्हा पातळ होते. जखमेवर आठवडाभर लुकणासारखा एक लेप बसवतात आणि त्याखाली नवी त्वचा येते. वाढ खूप दातांभोवती असेल, तर हिरडी पुस्तकाच्या पानासारखी उलटून आतला जाड भाग काढतात आणि टाके घालतात. लेसरनेही हे काम करता येते. त्यात रक्तस्राव कमी होतो.

शस्त्रक्रियेने रूप तर लगेच पालटते. पण औषध तेच राहिले आणि स्वच्छतेत ढिलाई झाली, तर वर्ष-दीड वर्षात हिरडी पुन्हा वाढू शकते. म्हणून अशा रुग्णांना दर तीन महिन्यांनी दंतवैद्याकडे जाण्याचा सल्ला दिला जातो.

करून पाहा

जिवाणूंचा थर दातांसारखाच पांढुरका असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तो पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. खाण्याच्या लाल रंगाचे चार-पाच थेंब दोन चमचे पाण्यात मिसळा. जुना सदरा घाला आणि घरातील मोठ्या माणसांना सांगून ठेवा. हे पाणी अर्धा मिनिट तोंडात खुळखुळून थुंकून टाका. मग साध्या पाण्याने एकच चूळ भरा आणि आरशात पाहा. दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या मध्ये, जिथे लाल रंग चिकटून राहिला असेल तिथे थर आहे असे समजा. आता दात घासा आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या. आपला ब्रश रोज कोणत्या जागा चुकवतो हे तुम्हांला कळून येईल.

तुमच्या हिरड्यांना याने फार तर थोडी सूज येते. पण तुमच्याच वर्गात दुसऱ्याचे मूत्रपिंड घेऊन जगणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर तोच थर तिथे मोठे काम बिघडवतो. त्याची हिरडी वाढलेली दिसली, तर ती आळसाची किंवा घाणेरडेपणाची खूण नव्हे, हे आता तुम्हांला ठाऊक आहे. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीने त्याच्या पहारेकऱ्यांना शांत ठेवले आहे, त्याची ती किंमत आहे; आणि दंतवैद्याच्या मदतीने ती पुष्कळ कमी करता येते. तुम्ही त्याला चिडवले नाही, तर गोळी टाळण्याचे त्याचे एक कारण तरी कमी होईल.